विहीणबाईंचे पूर्वज आणि काउंटी कोर्टाचं दप्तर: नवशिक्यांसाठी वाटाड्या

नात झाली तेव्हा आमच्या विहीणबाईंनी एक जाडजूड फाइल माझ्या हातात ठेवली. आत त्यांच्या माहेरची वंशावळ. अलीकडच्या चार पिढ्या नीट टाइप केलेल्या, आणि पाचव्या पिढीपाशी पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं: 'व्हर्जिनियाहून आले असं म्हणतात'. गेली सहा वर्षं मी त्या 'म्हणतात'च्या मागे आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कितीतरी घरांत आता सून किंवा जावई इथले असतात. नातवंडांची एक बाजू आपल्याला तोंडपाठ असते आणि दुसरी कोरी. ही कोरी बाजू भरायची ज्यांना हौस आहे, त्यांच्यासाठी हे टिपण. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांसारखं इथे कुणी नाही, की गाव-आडनाव सांगितलं आणि चोपडी उघडून त्यांनी सात पिढ्या वाचून दाखवल्या. इथे काउंटी (राज्यातला जिल्हा म्हणा) कोर्टाचं दप्तर आहे.

'कोर्ट' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काळे कोट येतात. ते चित्र पुसून टाका. सतराव्या-अठराव्या शतकातलं व्हर्जिनियाचं काउंटी कोर्ट म्हणजे तहसील कचेरी, ग्रामपंचायत आणि रजिस्ट्रार ऑफिस यांची खिचडी. बसणारे न्यायाधीश हे आसपासचेच बडे जमीनदार, बहुतेकांचा कायद्याशी शिक्षण म्हणून संबंध नाही. महिन्यातून एकदा बसायचं आणि समोर येईल ते निपटायचं: उधारीचे दावे, मृत्युपत्रं, खरेदीखतं, पोरक्या मुलांचे पालक नेमणं, रस्त्याच्या डागडुजीला माणसं लावणं, खानावळीचा परवाना, मारलेल्या लांडग्याच्या मुंडक्यामागे बक्षीस. म्हणून राजकारणात कधी नसलेला, लिहिता-वाचता न येणारा शेतकरीसुद्धा या वह्यांत दहा-वीस वेळा सापडतो.

एक गोष्ट मात्र आधीच मनाशी बांधा. कोर्टानं वंशावळ कधीच लिहिली नाही. पैसा कुणाचा, जमीन कुणाची आणि कोण कुणाला जबाबदार, एवढंच लिहिलं. नातं त्यातून आपण काढायचं असतं. मला हे कळायला वर्ष गेलं.

आधी १८५० गाठा

घरातल्या जिवंत माणसांपासून सुरुवात करून जनगणनेच्या आधारानं मागे मागे जा. अमेरिकेची पहिली जनगणना १७९० ची, पण १८४० पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीचे नुसते वयोगटाचे आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव, वय आणि जन्माचं राज्य मिळतं. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हे १८८० पासून. १८९० ची जवळजवळ सगळी जनगणना वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीनंतर हातची गेली, तेव्हा त्या खड्ड्यात पाय घालून बसू नका.

१८५० मध्ये साठ वर्षांचा आणि 'जन्म व्हर्जिनिया' असा एखादा म्हातारा सापडला की तो तुमचा खुंटा. त्याच्या मागे जायचं तर जनगणना फारशी कामाची नाही. कोर्ट लागतं.

राज्य नको, काउंटी सांगा

नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक इथे होते. 'व्हर्जिनिया' हा पत्ताच नव्हे. आणि आजची काउंटी म्हणजे तेव्हाची काउंटी नव्हे.

उदाहरण घ्या. १७२१ च्या सुमारास एसेक्स वगैरे जुन्या काउंट्यांतून स्पॉट्सिल्व्हेनिया निघाली. तिच्यातून १७३४ मध्ये ऑरेंज. ऑरेंजमधून ऑगस्टा काढायचा कायदा १७३८ चा, पण तिचं कोर्ट सुरू झालं १७४५ मध्ये. मधली सात वर्षं तिथल्या माणसांची कागदपत्रं ऑरेंजमध्येच. पुढे ऑगस्टातून १७७० मध्ये बॉटटॉर्ट, तिच्यातून १७७२ मध्ये फिनकॅसल, आणि १७७६ मध्ये फिनकॅसल मोडून तीन काउंट्या, त्यांतली एक केंटकी. केंटकीचे १७८० मध्ये परत तीन तुकडे, आणि १७९२ मध्ये ते स्वतंत्र राज्य. त्या टोकाला राहणारा माणूस घराचा उंबरठा न ओलांडता चार-पाच कोर्टांच्या वह्यांत जाऊन बसतो. तो 'स्थलांतरित' झाला असं समजून मी एकाला दोनदा हलवलं होतं. माणूस जागेवरच होता, सीमा हलली होती.

शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीनं काउंट्यांच्या सीमांचा ऐतिहासिक नकाशासंग्रह केला आहे. त्यात तारीख निवडली की त्या दिवशीच्या सीमा दिसतात. फॅमिलीसर्च या वंशावळ शोधण्याच्या संकेतस्थळाच्या विकीवर प्रत्येक काउंटीचं पान आहे: कधी निघाली, कशातून निघाली, कोणतं दप्तर कोणत्या सालापासून आहे. शोध सुरू करण्याआधी आपल्या काउंटीची ही 'आई-आजी' एका कागदावर लिहून काढा.

आणि पूर्वज न्यू इंग्लंडचे असतील तर हे गणित बदलतं. तिथे गावाचं दप्तर मोठं. कनेटिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हर्माँटमध्ये जमिनीचे व्यवहारसुद्धा गावाच्याच वह्यांत नोंदतात. पुढचं सगळं मी दक्षिणेकडच्या, मुख्यतः व्हर्जिनियाच्या अनुभवावरून सांगते आहे.

दप्तर शिल्लक आहे का ते बघा

यादवी युद्धात अनेक काउंट्यांनी आपल्या वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून राजधानी रिचमंडला पाठवल्या. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचं सैन्य माघार घेताना लागलेल्या आगीत नेमक्या त्याच जळाल्या. जपायला दिलेलंच गेलं. अशा काउंट्यांना इथले लोक 'बर्न्ड काउंटी' म्हणतात. ग्लॉस्टरचं दप्तर तर १८२० मध्ये एकदा जळालं आणि १८६५ मध्ये पुन्हा.

म्हणून हात झटकून उठू नका. व्हर्जिनियात १७८२ पासून दरवर्षी जमिनीच्या आणि जंगम मालमत्तेच्या कराच्या याद्या व्हायच्या आणि त्यांची प्रत राज्याकडे जायची. त्या बऱ्याच वाचल्या आहेत. सरकारनं पहिल्यांदा दिलेल्या जमिनीच्या सनदाही राज्याकडे होत्या, त्याही वाचल्या. सोळा वर्षं पुरी झालेला मुलगा करपात्र ठरायचा, त्यामुळे एखाद्याच्या नावासमोरचा आकडा एकावरून दोनवर गेला की घरातला पोरगा मोठा झाला असावा, असा अंदाज बांधता येतो.

उलट टोकाला नॉर्दॅम्प्टन. चेसापीक खाडीपलीकडच्या या काउंटीच्या वह्या १६३२ पासून सलग आहेत. इंग्रजी अमेरिकेतलं इतकं जुनं सलग काउंटी दप्तर दुसरं नाही.

कुठे बघायचं

फॅमिलीसर्चवर खातं फुकट आहे. बऱ्याच वह्यांचे फोटो घरबसल्या दिसतात. काही फक्त त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात बसून बघावे लागतात. २०२४ पासून तिथे हस्तलिखित मजकुरातच शब्द शोधायची सोय झाली आहे. म्हणजे सूचीत नाव नसलेला साक्षीदार, शेजारी, जामीनदारसुद्धा सापडतो. यंत्र अक्षर चुकीचं वाचतं, तरीही आमच्यासारख्यांचं अर्धं आयुष्य यानं वाचवलं.

रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावर चॅन्सरी (कायद्याच्या काट्यापेक्षा न्याय्य काय ते बघणारं कोर्ट) खटल्यांची सूची आहे, आणि कित्येक काउंट्यांच्या खटल्यांचे संपूर्ण कागद तिथे फुकट वाचता येतात. वाटणीची भांडणं चॅन्सरीत जायची, आणि भावाभावांत वाटणीवरून जुंपली की प्रत्येक वारसाचं नाव, मेलेल्या बहिणीची मुलं, त्यांची गावं, सगळं कागदावर यायचं. कुणाच्या घरच्या भांडणानं आनंद व्हावा अशी ही एकच जागा.

कोणती वही आधी

विल बुक आधी. मृत्युपत्र सापडलं की पान उलटा, पुढे मालमत्तेची यादी असते, आणि कधी काही वर्षांनी आलेला हिशेब. पुष्कळदा मृत्युपत्रात 'माझी सगळी मुलं' एवढंच असतं आणि नावं त्या हिशेबात, कुणाला किती दिले या रकान्यात. मृत्युपत्रात थोरल्याचं नावच नसेल तर दचकू नका. १७८५ मध्ये कायदा बदलेपर्यंत मृत्युपत्रात वेगळं न सांगितलेली जमीन थोरल्या मुलाकडेच जायची, त्यामुळे लिहायची गरज वाटायची नाही. 'मुलीला एक शिलिंग' म्हणजे बाप रागावला होता असंही नाही. तिला लग्नात आधीच दिलेलं असू शकतं.

मग डीड बुक, म्हणजे खरेदीखतांची वही. यात विकणाऱ्यांची सूची वेगळी, घेणाऱ्यांची वेगळी. दोन्ही बघा. लागोपाठच्या दोन दिवशी त्याच जमिनीचे दोन दस्त दिसले, पहिल्यात किंमत पाच शिलिंग आणि वर्षाचं भाडं 'मागितल्यास मिरीचा एक दाणा', तर तो विनोद नाही. तेव्हाच्या विक्रीची ती पद्धत होती: आधी भाडेपट्टा, दुसऱ्या दिवशी हक्क सोडणं. व्यवहार एकच.

दस्ताच्या शेवटी बायकोची खासगी चौकशी केल्याची नोंद बघा. नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा हयातीपुरता तिसरा हिस्सा असायचा. तो ती स्वखुशीनं सोडते आहे ना, हे तिला बाजूला घेऊन विचारायचे. आपल्याला त्यातून तिचं नाव मिळतं, जे कधीकधी दुसरीकडे कुठेच नसतं. वेगवेगळ्या आडनावांच्या पाच-सात जोडप्यांनी मिळून एक तुकडा विकला असेल तर आसनावर नीट बसा. ते बहुधा भाऊ, बहिणी आणि जावई आहेत. आणि केंटकीत गेलेल्या मुलानं व्हर्जिनियातल्या भावाला दिलेलं मुखत्यारपत्र मिळालं, तर दोन राज्यं एका पानावर जोडली गेली.

ऑर्डर बुक, म्हणजे कोर्टाच्या हुकुमांची वही, शेवटी, पण सगळ्यात जास्त वेळ तिथे द्या. सूची असली तरी तिच्यात प्रत्येक नाव नसतं. एक पान डोळ्यांसमोर आणा: वर तारीख आणि बसलेल्या न्यायाधीशांची नावं, खाली ओळीमागून ओळ दोन-तीन वाक्यांच्या नोंदी. अमक्यानं तमक्यावर केलेला उधारीचा दावा वादी गैरहजर म्हणून निकाली. अमक्याच्या मुलानं आपला पालक म्हणून मामाला निवडलं. अमक्याला ओढ्यापासून गिरणीपर्यंतच्या रस्त्याचा देखरेख्या नेमलं. या मधल्या ओळीत चार गोष्टी आहेत. बाप गेला आहे. मालमत्ता काहीतरी आहे. पालक स्वतः निवडायचा हक्क चौदा वर्षांनंतर मिळायचा, म्हणजे मुलगा चौदाच्या पुढे आणि एकविसाच्या आत. आणि मामाचं आडनाव म्हणजे आईचं माहेर. रस्त्याची ओळही टाकू नका: त्या रस्त्यावर राबायला नेमलेली माणसं म्हणजे शेजारी, आणि शेजाऱ्यांतच सोयरीक व्हायची.

लग्नाबद्दल एवढंच: कोर्टात मिळतं ते लग्नाआधी भरलेलं हमीपत्र. लग्न झाल्याचा तो पुरावा नव्हे. त्यावर जामीन राहणारा पुष्कळदा मुलीचा बाप किंवा भाऊ असतो, म्हणून वरापेक्षा त्याचं नाव आधी टिपून घ्या.

एक घराणं, फक्त कोर्टाच्या कागदांतून

हे सगळं जुळून कसं येतं ते नॉर्दॅम्प्टनच्या अँथनी जॉन्सनवरून कळतं. १६२१ मध्ये व्हर्जिनियात आणलेला हा आफ्रिकन माणूस कागदात आधी नुसता 'अँटोनिओ' आहे. पुढे तो मोकळा झाला, आणि १६५१ मध्ये त्याला २५० एकरांची सनद मिळाली, माणशी ५० एकर याप्रमाणे पाच माणसं वसाहतीत आणल्याच्या हक्कावर. आग लागून नुकसान झाल्यावर त्यानं कोर्टाकडे अर्ज केला, आणि फेब्रुवारी १६५३ मध्ये कोर्टानं त्याची बायको मेरी आणि दोन मुली यांना करातून सूट दिली. करमाफीच्या एका हुकुमात बायकोचं नाव आणि मुलींची संख्या मिळाली. १६५५ मध्ये जॉन केसर नावाच्या आफ्रिकन माणसावरून खटला झाला. जॉन्सनकडच्या चाकरीची आपली करारमुदत केव्हाच संपली, असं केसरचं म्हणणं. कोर्टानं त्याला जॉन्सनच्या ताब्यात परत दिलं. वाचताना पोटात खड्डा पडतो, पण कागद असेच असतात. पुढे कुटुंब मेरीलंडच्या सॉमरसेट काउंटीत गेलं, आणि १६७७ मध्ये नातू जॉन याच्या ४४ एकरांच्या जमिनीचं नाव सापडतं: 'अँगोला'. तीन पिढ्या, दोन वसाहती, आणि मूळ मुलुखाकडे बोट दाखवणारा एक शब्द.

जाता जाता आपल्या कुतूहलाचं: १६३५ च्या एका सनदेत जॉर्ज मेनेफी या व्यापाऱ्यानं आणलेल्या माणसांच्या यादीत 'टोनी, ईस्ट इंडियन' आहे, म्हणजे हिंदुस्थानाकडचा माणूस. तो नेमका कुठला, हे कागद सांगत नाही. पण नुसतं 'इंडियन' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, ते जवळजवळ नेहमी तिथले मूळ रहिवासी असतात.

अक्षर, तारखा आणि फसवे शब्द

मोडी वाचायला शिकलेल्यांना हे सोपं जाईल, कारण युक्ती तीच: अक्षर नव्हे, साचा ओळखायचा. मृत्युपत्रांची सुरुवात ठरलेली, दस्तांचा शेवट ठरलेला. दहा मृत्युपत्रं वाचली की अकराव्याचा अर्धा भाग न बघता म्हणता येतो. शब्दाच्या मध्यावरचा एस तेव्हा एफसारखा लिहायचे. जे-एन-ओ म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे. पॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा. आडनावाचं स्पेलिंग एकाच पानावर तीन प्रकारे असू शकतं. म्हणून 'आमच्यात शेवटी ई लावतात' हा अभिमान दाराबाहेर ठेवा.

१७५२ पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. वर सांगितलेला जॉन्सनच्या करमाफीचा हुकूम वहीत फेब्रुवारी १६५२ चा आहे, आपल्या हिशेबानं तो १६५३. हे न कळल्यानं लोक मृत्युपत्राच्या आधीच मालमत्तेची यादी झाली म्हणून डोकं धरून बसतात. १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ आली, तेही लक्षात असू द्या.

'ऑर्फन' म्हणजे बाप गेलेलं मूल. आई जिवंत असू शकते. 'इन्फंट' म्हणजे एकवीस वर्षांखालचा, मग त्याला मिशा फुटलेल्या का असेनात. 'कझिन' म्हणजे पुतण्या किंवा भाचाही. 'सन-इन-लॉ' कधी जावई, कधी सावत्र मुलगा. आणि 'ज्युनिअर' म्हणजे त्याच नावाचा, त्याच भागातला, वयानं लहान माणूस. मुलगाच असेल असं नाही. थोरला वारला की धाकटा 'सिनिअर' होतो. या एका शब्दावर विश्वास ठेवून मी विहीणबाईंच्या घराण्यात एक परका बाप घुसवला, आणि तीन महिन्यांनी मान खाली घालून काढला.

एकाच नावाची दोन माणसं वेगळी करायची तर कागदाला तीन रकाने पाडा: कोणत्या ओढ्याकाठची जमीन, बायको कोण, साक्षीदार कोण. प्रत्येक नोंद एखाद्या रकान्यात टाकत जा. महिन्याभरात दोन माणसं आपोआप वेगळी होतात. निरक्षर असेल तर त्याची खूणही बघा. वहीतली सही कारकुनानं नकल केलेली असते, त्यामुळे तिला अर्थ नाही. पण खुणेचा आकार तो बहुधा तसाच उतरवायचा. एकाची फुली, दुसऱ्याचा उलटा टी.

गुलामगिरीच्या कागदांबद्दल

शोधता शोधता मालमत्तेच्या याद्यांत, गाई आणि खुर्च्यांच्या मध्ये, माणसांची नावं आणि त्यांच्यापुढे किमती येतील. पान उलटून पुढे जाऊ नका. कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी बहुतेकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा १८७० मध्ये आली. त्यामागची नावं मालकांच्या मृत्युपत्रांत, याद्यांत आणि वाटण्यांत अडकलेली आहेत. आई आणि तान्हं मूल यादीत बऱ्याचदा शेजारी लिहिलेले असतात. व्हर्जिनियात १७८२ च्या कायद्यानं मालकांना खतानं किंवा मृत्युपत्रानं गुलामांना मुक्त करता येऊ लागलं. १७९१ मध्ये रॉबर्ट कार्टर या जमीनदारानं सुमारे पाचशे जणांना टप्प्याटप्प्यानं मुक्त करण्याचं खत केलं, ते नॉर्दम्बरलँडला नोंदलेलं आहे. १७९३ पासून स्वतंत्र कृष्णवर्णीयांना कारकुनाकडे नोंदणी करावी लागे: वय, उंची, अंगावरचे व्रण, मुक्ती कशी मिळाली. ज्यांना हे अपमानास्पद रजिस्टर भरावं लागलं, त्यांच्या वंशजांना आज त्यातच पणजोबांचा चेहरा दिसतो.

तुमच्या यादीत अशी नावं सापडली तर ती पूर्ण उतरवून घ्या, पान क्रमांकासह. ती दुसऱ्या कुणाची तरी पाचवी पिढी असते.

टिपण कसं ठेवायचं

काउंटी, वहीचा प्रकार आणि क्रमांक, पान, तारीख. हे चार नसतील तर सापडलेलं हरवलं असं धरा. अख्ख्या पानाचा फोटो ठेवा, नुसत्या आपल्या ओळीचा नको, कारण वरच्या ओळीतला शेजारी दोन वर्षांनी सासरा निघतो. जिथे शोधून काही मिळालं नाही तेही लिहा, नाहीतर तीच वही तुम्ही तिसऱ्यांदा चाळाल.

प्रत्यक्ष कोर्टात जाणार असाल तर आधी फोन करून वेळ विचारा, सोबत पेन्सिल न्या, आणि कारकुनांना आजोबांची गोष्ट सांगत बसू नका. वहीचं नाव आणि साल सांगा, ते लगेच उठतात.

विहीणबाईंच्या फाइलीत आता पाचव्या पिढीपाशी ऑगस्टा काउंटी, विल बुकचा क्रमांक आणि पान आहे. पेन्सिलीतलं 'म्हणतात' मी खोडलेलं नाही. ते एक पिढी वर सरकवलंय.